निळ्या ताडपत्रीखालचा धूर

"मिस्त्री, खरं सांगा. बनवू का बदलू?"

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न मी छत्तीस वर्षं ऐकला. जुनी डिझेल गाडी घेऊन आलेला माणूस आधी इकडचं तिकडचं बोलायचा आणि मग हळूच इथे यायचा. बनवायचं म्हणजे गाडीत आहे तेच इंजिन खोलायचं, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा उभं करायचं. बदलायचं म्हणजे ते उचलून बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या एखाद्या गाडीतून निघालेलं चालू इंजिन त्या जागी बसवायचं. बाहेरच्याला वाटतं, मिस्त्रीला पाहिल्याबरोबर कळत असेल. पुष्कळ वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

अडचण ही, की इंजिन चारी बाजूंनी बंदिस्त असतं. आत काय झालंय ते बाहेरच्या खुणांवरून ओळखायचं असतं. पहिली खूण धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कुठून तरी पाणी आत शिरतंय. आणि निळसर धूर म्हणजे इंजिनचं ऑईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की असं होतं, आणि रिंगा झिजल्या म्हणजे काम खोलवर गेलं.

दुसरी खूण ऑईल भरायच्या तोंडाशी. इंजिन चालू ठेवून तिथलं झाकण काढायचं आणि वर तळहात धरायचा. रिंगा चांगल्या असतील तर हाताला जेमतेम वारा लागतो. झिजल्या असतील तर गरम हवेचा झोत हातावर आपटतो. निळा धूर आणि वर हा झोत, दोन्ही सापडले की मी पुढे काही तपासत नसे. "बदला," म्हणायचो. लोक मान डोलवायचे. मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे झालं.

सुमनताईंनी मात्र मान डोलावली नाही. म्हणूनच आज लिहायला बसलो तर त्यांचीच गाडी आधी डोळ्यांसमोर येते.

सुमनताई अल्लीपूरच्या. त्यांची बुद्ध-भीमगीतांची गायन पार्टी आहे. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती, पण आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जावा. पार्टीची एक लांब, तीन बाकांची पांढरी डिझेल गाडी होती. टपावर ढोलकी आणि बाकीचं सामान बांधलेलं, पेटी मात्र आत, पेटीवाल्याच्या मांडीवर. पूर्वी ड्रायव्हर ठेवत. एकदा कार्यक्रम अर्ध्यावर असताना ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून निघून गेला आणि अख्खी पार्टी एका गावात अडकली. त्या उन्हाळ्यात सुमनताई गाडी चालवायला शिकल्या. नऊवारी खोचून स्टिअरिंगवर बसलेली ही बाई वर्धा-हिंगणघाट रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीची होती.

आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायला आठवडाही नव्हता, तेव्हा एका सोमवारी ती गाडी थरथरत माझ्या दारात आली.

"चढावर दम नाई राह्यला मिस्त्री," सुमनताई उतरता उतरता म्हणाल्या. "सकाळी चालू होत नाई. काल त अर्ध्या पार्टीनं ढकलली. अन् धूर पाहा, मांगचा मानूस दिसत नाई."

गाडी आत घ्यायला सांगितली. माझं गॅरेज म्हणजे तीन बाजूंनी विटांची भिंत आणि वर ताडपत्री. इंजिन चालू ठेवून मागे गेलो. धूर निळसर. पुढे येऊन झाकण काढलं, हात धरला. झोत इतका, की ऑईलचे शिंतोडे बाहीवर उडाले.

"ताई, इंजिन गेलं. बदलाले लागते."

"कायच्यावरून म्हनता?"

हा प्रश्न मला कुणी विचारत नसे. जरा झोंबलाच.

"धूर निळा हाय. झाकनातून हवा मारून राह्यलं. रिंगा गेल्या."

"पन आतमंधी त तुम्ही पाह्यलंच नाई."

"तीस वर्षं झाले ताई, हेच पाहून राह्यलो."

"तुमच्या अनुभवाले मी नाई म्हनत नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्या आपलं इचारलं."

पहिला कार्यक्रम शनिवारी दुपारी हिंगणघाटला होता आणि त्यानंतर रोज एक गाव. इंजिन पूर्ण बनवायचं तर क्रँक आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग, लेथवर पाठवा, पार्ट मागवा, जुळणी करा. दहा-बारा दिवस कुठेच गेले नाहीत. दुसरं इंजिन टाकायचं तर दोन दिवस. सुमनताईंनी दिवस मोजले आणि म्हणाल्या, "मंग आना दुसरं."

जुनी इंजिनं मी नागपूरच्या जब्बारभाईंकडून आणायचो. अपघातात चेपलेल्या किंवा भंगारात निघालेल्या गाड्यांची इंजिनं ते कागदपत्रांसह ठेवत. कागद लागतातच, कारण इंजिन बदललं की नवा इंजिन नंबर आरटीओत दाखवून गाडीच्या पुस्तकात चढवावा लागतो. तसं नाही केलं तर रस्त्यात कुणी नंबर ताडून पाहिला की गाडी चोरीची ठरते. जब्बारभाईंनी बुधवारी सकाळी इंजिन आणून टाकतो म्हणून सांगितलं.

मधला मंगळवार भगतजींनी माझं डोकं खाल्लं. भगतजी म्हणजे पार्टीचे पेटीवाले. धंद्यानं शिंपी, वय सत्तरीच्या आसपास, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, खिशात चष्मा आणि दोऱ्याची रीळ. त्यांची बहीण सिंदी मेघेतच राहायची, म्हणून गाडी होईपर्यंत ते तिच्याकडे थांबले होते आणि दिवसभर माझ्या गॅरेजात टायरवर बसून राहत. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचे. "हे काय जी? हे कायले असते? हे नसलं त काय होते?" पेटी बिघडली की ते स्वतः खोलत, त्यामुळे त्यांना आतलं जाणून घ्यायची सवय होती. मी आधी वैतागून उत्तरं देत होतो. दुपारनंतर लक्षात आलं, की त्यांच्या तीन-चार प्रश्नांची उत्तरं मलाच नीट येत नव्हती.

बुधवारी टेम्पोतून इंजिन आलं. सोबत जब्बारभाई स्वतः, आणि थोड्या वेळानं सुमनताईही बसनं पोचल्या. नवं इंजिन उतरवायला जागा हवी म्हणून मी जुनी गाडी कशीबशी चालू करून बाहेर अंगणात काढली आणि तशीच चालू ठेवून आत साखळदंड लावायला लागलो.

बाहेरून भगतजींचा आवाज आला, "मिस्त्री, धूर त पांढरा दिसून राह्यला!"

"उन्हात तसं वाटते भगतजी."

"बरं. मंग खरा कोनता? उन्हातला का आतला?"

मी साखळदंड खाली ठेवला आणि बाहेर आलो. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं. धूर खरंच पांढरा होता. दाट, डोळ्यांना झोंबणारा, न जळलेल्या डिझेलच्या वासाचा. मी दोन्ही बाजूंनी जाऊन पाहिलं. पांढराच.

माझ्यामागोमाग भगतजी आत आले आणि ताडपत्रीखाली उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिलो. बाहेर पांढराशुभ्र दिसणारा त्यांचा सदरा आत निळसर दिसत होता. वर पाहिलं. ताडपत्री निळी होती. नेहमी मिळते ती, झगझगीत निळी. सहा वर्षांपासून माझ्या डोक्यावर होती आणि सहा वर्षांपासून मी तिच्याखाली उभा राहून धुराचे रंग सांगत होतो.

मग मी सुमनताईंना तो प्रश्न विचारला, जो सोमवारीच विचारायला हवा होता.

"ताई, ऑईल किती टाकाले लागते वरून?"

"ऑईल? दर पंधरवड्याले दांडी काढून पाह्यतो आमी. कमीच होत नाई."

ऑईल कमी होत नाही, तर जळेल कुठून? आणि ऑईल जळत नसेल तर रिंगा गेल्या असं मी कशावरून म्हणत होतो?

जब्बारभाई बाजूला उभे राहून ऐकत होते. मला ते आडनावानंच हाक मारायचे. "थूलभाई, ये इंजिन उतारूं या रुकूं?"

"उतरवा," मी म्हणालो, "पण बसवायची घाई नको."

त्यानंतर जे केलं ते खरं तर प्रत्येक गाडीचं करायला हवं. चार नोझलांचे पाईप एकेक करून ढिले केले. नोझल म्हणजे डिझेलचा फवारा आत सोडणारी तोटी. पाईप ढिला केला की तेवढा एक सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनचा आवाज पडायला हवा. पहिल्याला पडला. दुसऱ्याला पडला. तिसऱ्याला काहीच फरक नाही. चौथ्याला पुन्हा पडला. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच मेलेला होता, बाकीचे तीन त्याला ओढत होते. पांढरा धूर त्याचाच, आत गेलेलं डिझेल जळत नव्हतं.

तो का मेला हे शोधायची एक सोपी रीत आहे. हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा, दोन्ही व्हॉल्व बंद असतील असा पिस्टन वर आणायचा, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत भरायची आणि मग शांत उभं राहून ऐकायचं, की हवा कुठून पळते. ऑईलच्या तोंडातून आली तर रिंगा गेल्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या जड झाकणाचं, गॅस्केट. आणि सायलेन्सरच्या नळीतून आली तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व. ही रीत मला येत होती. ती शेवटची कधी वापरली होती, ते मात्र आठवेना.

ऐकायला माणसं हवी होती. सुमनताई ऑईलच्या तोंडाशी वाकल्या. जब्बारभाई रेडिएटरवर. भगतजी गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. मी हवा सोडली.

"हितं नुसतं हुस्स करते थोडंसं," सुमनताई म्हणाल्या.

"पानी एकदम शांत है," जब्बारभाई.

मागून काही आवाज नाही. मी हाक मारली, "भगतजी?"

"थांबा जी, कानावर काय भरोसा!" ते म्हणाले. त्यांनी खिशातली रीळ काढून वीतभर दोरा तोडला आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. "आता सोडा."

मी हवा सोडली. दोरा आडवा झाला आणि फडफडत राहिला.

"इकडं येऊन राह्यली! सगळी इकडंच येऊन राह्यली!" भगतजी लहान मुलासारखे ओरडले. "पेटीची हवा कुठं फुटली ते मी असंच पाह्यतो."

आम्ही सगळे मागे जाऊन तो दोरा पाहिला. जब्बारभाईंनी तर पुन्हा एकदा हवा सोडायला लावली. राहिला प्रश्न झाकणातल्या झोताचा. रिंगा चांगल्या, तर तो झोत कसला? शोधता शोधता इंजिनच्या बाजूची रबरी नळी हाताशी आली. इंजिनच्या पोटातली हवा या नळीतून बाहेर जाते. ती काळ्या चिखलानं गच्च भरली होती. हवेला दुसरी वाटच नव्हती, म्हणून झाकण काढलं की तिथून उसळत होती. तार घालून नळी साफ केली, गाडी चालू केली, हात धरला. जेमतेम वारा.

जब्बारभाई म्हणाले, "थूलभाई, आपने कितने इंजिन मुझसे लिये. वापस पहली बार जा रहा है."

मला हसायला आलं नाही. वापस न गेलेली इंजिनं माझ्या डोळ्यांसमोर येत होती.

पण निर्णय अजून व्हायचा होता. मी सुमनताईंना टायरवर बसवलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. जब्बारभाईंचं इंजिन शुक्रवारपर्यंत बसेल, पण ते आतून कसं आहे ते आपल्याला माहीत नाही. तुमच्या इंजिनचं हेड उतरवून व्हॉल्व बसवला तर तेही शुक्रवारपर्यंत होईल, पण हेड उघडल्यावर खाली काही वाईट निघालं तर शनिवार हातचा जाईल.

"तुमची गाडी असती त काय केलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हेड खोललं असतं."

"मंग खोला."

जब्बारभाई स्वतःहूनच म्हणाले, की त्यांचं इंजिन उद्या संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या. लागलं तर लागलं.

गुरुवारी सकाळी हेड उतरवण्याआधी मी टॅपेट मोजले. टॅपेटचा हा प्रकार जरा समजावून सांगायला हवा. व्हॉल्वच्या दांडीवर एक दांडा आपटतो आणि त्याला उघडतो. या दोघांत केसाएवढी फट ठेवावी लागते. कारण इंजिन तापलं की व्हॉल्व लांबतो, त्याला लांबायला जागा हवी. फट जास्त राहिली तर टिकटिक आवाज येतो, बाकी फारसं बिघडत नाही. फट कमी राहिली तर आवाज मुळीच येत नाही, पण तापल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, आतला जाळ त्याच्या कडेतून वाट काढतो आणि कड जळते. ही फट मोजणं म्हणजेच टॅपेट मोजणं, आणि ती पातळ पोलादी पत्त्यांनी मोजतात.

तिसऱ्या सिलिंडरच्या त्या व्हॉल्ववर पत्ती शिरेना. त्याहून पातळ घेतली, तीही शिरेना. फट उरलीच नव्हती. इतर दोन ठिकाणीही ती हवी त्यापेक्षा कमी होती.

हेड उतरवलं. बोअरच्या भिंतीवर कारखान्यातल्या घासणीच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे खालचं इंजिन ठणठणीत होतं. आणि तिसऱ्याच्या व्हॉल्वची कड एका जागी नखाएवढी जळून गेली होती. जे हवं होतं ते सगळं सापडलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

पण ते टॅपेट शेवटचे मीच बसवले होते. आदल्या दिवाळीत.

तेव्हा ही गाडी माझ्याकडे आली होती ती केवळ टिकटिक आवाजासाठी. पार्टी जाता-येता गाडीतच चाली बसवायची आणि भगतजींना तो आवाज मधे मधे येऊन त्रास द्यायचा. मी टॅपेट कसले, म्हणजे ती फट कमी केली. आवाज थोडा राहिला. आणखी कसले. मग इंजिन असं मऊ चालायला लागलं, की मी रस्त्यावरच्या चहावाल्याला बोलावून ऐकवलं होतं. त्या दिवशीचा माझा रुबाब मला आठवत होता.

व्हॉल्व हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. जुन्या डिझेल गाडीचा व्हॉल्व जळतोच, असं सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. बाहेर सुमनताई आणि भगतजी चहा पीत बसले होते. मी उठलो, तो व्हॉल्व त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

भगतजी आधी बोलले. "टिकटिक बंद करा असं मीच म्हनलं होतं जी. चूक माही हाय."

सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"जास्त टाईट केलं त जळते, हे तुमाले तवा माहीत होतं का?"

"माहीत होतं."

"मंग?"

"तुमाले आवाज नको होता."

"आमाले काय समजते जी त्यातलं?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. "आमी त म्हनूच. तुम्ही नाई म्हनाचं होतं."

गिऱ्हाईक जे मागतं ते हसतमुखानं देणारा मिस्त्री म्हणून माझं नाव होतं आणि मला त्याचा अभिमान होता. 'नाही' म्हणणं हाही कामाचाच भाग असतो, हे मला एका गाणाऱ्या बाईनं सांगितलं.

सुमनताईंनी पदरानं हात पुसत विचारलं, "शनिवारी गाडी निघते का?"

"निघते."

"मंग बसा कामाले."

हेड घेऊन मी स्वतः लेथवाल्याकडे बसलो. नवा व्हॉल्व घेतला, तो जिथे टेकतो ती बैठक कापून घेतली, बाकीचे व्हॉल्व घासून घेतले. संध्याकाळी जब्बारभाईंचा टेम्पो येऊन त्यांचं इंजिन परत घेऊन गेला. शुक्रवारी जुळणी झाली. टॅपेट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं ठेवले आणि तीनदा मोजले. गाडी पहिल्या सेल्फला उचलली. अंगणात, उन्हात, मी मागे जाऊन उभा राहिलो. धूर नव्हताच. टिकटिक होती.

"येऊ द्या आता," भगतजी म्हणाले. "तिच्यावरच ताल धरू."

शनिवारी मी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्यासोबत हिंगणघाटला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं; मलाच चैन पडत नव्हतं. मागच्या बाकावर ढोलकीवाल्याला चिकटून बसलो आणि सगळा रस्ता इंजिन ऐकत गेलो. विहारासमोर मांडव होता, बायामाणसं जमली होती. दोन गाणी झाल्यावर सुमनताई माईकवर म्हणाल्या, "आमची गाडी ज्याईनं बिघडवली, अन् ज्याईनं दुरुस्त केली, ते थूल मिस्त्री मांगं बसले हायेत. दोन्ही कामं त्याईनंच केली, अन् दोन्ही आपल्या तोंडानं सांगतली. टाळ्या वाजवा." लोक हसले आणि टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, पण वाईट वाटलं नाही.

तो महिनाभर गाडी एकदाही थांबली नाही.

ताडपत्री मी हिंगणघाटहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढली आणि पत्रे टाकले. पण सहा वर्षांत तिच्याखाली किती इंजिनं बाद केली, हा हिशेब सुटेना. एक निवृत्त मास्तर माझ्या चांगले लक्षात होते. त्यांच्या गाडीला मी पाच मिनिटांत 'बदला' म्हटलं होतं. त्यांच्या घरी जाऊन मी सांगितलं, की कदाचित तुमचं जुनं इंजिन चांगलं असेल. मास्तर म्हणाले, "अहो, गाडी उत्तम चालते आहे, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्यांच्या जुन्या इंजिनचं लोखंड कधीच वितळून गेलं होतं. ते खरोखर गेलेलं होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. वाईट याचंच वाटतं. चूक झाली असं कळलं असतं तरी चाललं असतं.

पावसाळ्यात गायन पार्ट्यांना काम कमी असतं. त्या जुलैत सुमनताई एकदा गाडी न घेता, बसनं आल्या.

"मले टॅपेट शिकवा," त्या म्हणाल्या.

"कायले ताई? मी हाय न."

"तुम्ही हाय म्हनूनच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. पत्ती सरकताना किती अडायला हवी, हे बोटांना कळावं लागतं, ते सांगून येत नाही. त्यांच्या बोटांना ते चौथ्या दिवशी कळलं. मग धूर, मग नोझल, मग हवा भरून ऐकणं. त्यांना सगळ्यात जास्त रस त्यातच. कुठलीही गाडी आली की म्हणायच्या, "आधी हवा भरून पाहू." दोन पावसाळे त्या येत राहिल्या. मी गॅरेज बंद केलं तेव्हा माझा कॉम्प्रेसर सुमनताईच अल्लीपूरला घेऊन गेल्या. पार्टी चालू आहेच. गाण्याची कामं नसतात तेव्हा त्यांच्या अंगणात कुणाची ना कुणाची गाडी उभी असते.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. गावातल्या एका शेतकऱ्याची जुनी डिझेल जीप होती. त्यांनी त्याला इंजिन बदलावं लागेल म्हणून सांगितलं होतं आणि त्याला ते पटत नव्हतं. बाईमाणसानं सांगितलेलं, कसं पटावं!

"तो म्हनते, एकडाव थूल मिस्त्रीले दाखवा. तुम्ही येजा."

मी गेलो. जीप अंगणात मोकळ्या उन्हात उभी होती. मालक हात बांधून बाजूला. सुमनताईंनी नोझल आधीच काढून ठेवले होते. मला त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसतं स्टूल पुढे सरकवलं. एकेका सिलिंडरमध्ये त्यांनी हवा सोडली आणि मी ऐकत गेलो. रेडिएटर शांत. सायलेन्सर शांत. ऑईलच्या तोंडाशी कान नेला तर चारही सिलिंडरांची हवा तिथूनच धो धो येत होती. बाजूची नळी पाहिली, ती साफ होती. दिवसाला किती ऑईल लागतं ते मालकाला विचारलं. रोज वरून टाकावंच लागतं, असं तो म्हणाला. टॉर्च घेऊन एका भोकातून आत पाहिलं. बोअर आरशासारखी गुळगुळीत झाली होती, एक रेघ उरली नव्हती.

मी पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून तपासलं. मालक अधीर झाला. सुमनताई झाल्या नाहीत.

शेवटी मी टॉर्च बंद केली. "बाई बरोबर सांगून राह्यल्या," मी त्याला म्हणालो.

सुमनताईंनी हात पुसले आणि त्याच्याकडे वळल्या. "हं. आता बदला."